जुन्या मजकुरात ‘यवन’ किंवा ‘अविंध’ दिसला तर कसं वाचायचं

आमच्या फॅमिली ग्रुपवर मध्ये एका काकांनी कार्ल्याच्या लेण्यांचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं की बघा, इथे एका यवनाने खांब दान केलाय, म्हणजे मुसलमान तेव्हापासून इथे आहेत. चैत्यातल्या खांबावर ब्राह्मी लिपीत खरंच ‘धेनुकाकटा यवनस...’ असं कोरलेलं आहे, धेनुकाकट नावाच्या गावच्या यवनाचं दान, आणि असे खांब एकाहून जास्त आहेत. पण ते लेणं साधारण पहिल्या शतकातलं आणि हिजरी सन सुरू होतो 622 ला. काकांचं गणित पाचशे वर्षांनी चुकलं. चूक त्यांची एकट्याची नाही म्हणा, आपण बखरी, पोवाडे, शाळेतली नाटकं यातून यवन म्हणजे मुसलमान हेच ऐकत आलोय, म्हणून म्हटलं जरा नीट लिहून टाकू. मुसलमानांसाठीच वापरला जाणारा दुसरा जुना शब्द ‘अविंध’, त्याच्याकडे पुढे येतो.

पहिलं काम, मजकूर कधीचा आहे ते बघा. शब्दाचा अर्थ नंतर.

‘यवन’चं मूळ आहे आयोनिया, म्हणजे आजच्या तुर्कस्तानचा पश्चिम किनारा जिथे ग्रीक लोक राहायचे. इराण्यांचा पहिला संबंध त्या ग्रीकांशी आला म्हणून ते सगळ्याच ग्रीकांना ‘यौन’ म्हणायला लागले, इराणचा सम्राट दारियस याच्या बेहिस्तूनच्या लेखात (इ.स.पू. 520 च्या आसपास) हा शब्द आहे. आपल्याकडे पाणिनीच्या सूत्रात ‘यवन’ येतो आणि त्यावर कात्यायन सांगतो की ‘यवनानी’ म्हणजे यवनांची लिपी. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात अंतियोक नावाचा ‘योन’ राजा येतो, तो सीरियाचा ग्रीक राजा अँटिओकस. विदिशेजवळ बेसनगरला जो गरुडस्तंभ आहे तो उभा करणारा हेलिओडोरस स्वतःला भागवत म्हणवतो आणि तो तक्षशिलेहून आलेला योनदूत. म्हणजे यवन, आणि वासुदेवाचा भक्त.

तर इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतला लेख असेल तर यवन म्हणजे ग्रीक, किंवा पश्चिमेकडून आलेला परका, किंवा त्यांच्यातला इथे मुरलेला माणूस. जुन्नरच्या लेण्यांमध्ये इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढी, म्हणजे टाकी, दिल्यात. कार्ल्याच्या यवनांची नावं तर चक्क आपल्यासारखी आहेत, सिहधय वगैरे, त्यामुळे ते मूळचे ग्रीक होते का नुसतं बिरुद उरलं होतं यावर अभ्यासक अजून भांडतात. आणि नाशिकला पांडवलेण्यात गौतमी बलश्रीच्या लेखात तिचा मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी हा ‘सक-यवन-पल्हव-निसूदन’, म्हणजे शक, यवन आणि पल्हव यांचा नाश करणारा. ही ओळ कोणी शिवकाळाशी जोडून फॉरवर्ड केली तर सरळ डिलीट मारा.

आता दुसरी गोष्ट, मुसलमान इथे आले तेव्हा त्यांना लगेच यवन म्हणत नव्हते. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. अरबांसाठी शब्द होता ‘ताजिक’. आपल्या पालघर जिल्ह्यात चिंचणीला राष्ट्रकूटांचा 926 सालचा ताम्रपट सापडला, त्यात संजाणचा कारभार बघणारा अधिकारी एक ताजिक आहे आणि त्याचं नाव आहे ‘मधुमति’, म्हणजे मुहम्मद! लिहिणाऱ्याने कानाला जे ऐकू आलं त्याचं मस्त संस्कृत करून टाकलंय. हे गृहस्थ देवीच्या मठिकेसाठी (छोट्या मठासाठी) जमीन द्यायला संमती देतायत. ज्योतिषात वर्षफलाच्या पद्धतीला आजही ‘ताजिक’च म्हणतात. तुर्क आले तेव्हा ‘तुरुष्क’, मराठीत ‘तुरुक’, आणि मग हळूहळू जुना ‘यवन’ या नव्या लोकांना लागला. चौदाव्या शतकात आंध्रातल्या विलस ताम्रपटात दिल्लीच्या सुलतानाचे लोक यवन झालेले दिसतात. पश्चिमेकडून आले, घोड्यावर आले, परके, बस, जुनं लेबल तयारच होतं. गंमत म्हणजे पुढे खरे युरोपवाले बोटीतून उतरले तोपर्यंत शब्द दुसऱ्याला देऊन झाला होता, ते झाले फिरंगी आणि टोपीकर.

तिसरं, शब्द कशाला जोडलाय ते बघा, एकटा उचलू नका. ‘राजव्यवहारकोश’, म्हणजे कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत शब्द देणारा कोश, हे शिवाजी महाराजांनी करवून घेतलेलं काम, त्याच्या सुरुवातीच्या श्लोकात ‘यवनवचनैर्लुप्तसरणीं’ असं येतं, म्हणजे यवनवचनांमुळे जिची वाट लोपली ती. इथे यवनवचन म्हणजे फारसी शब्द, म्हणजे दप्तरातल्या कारभाराची भाषा. संस्कृतात ‘यावनी भाषा’ दिसली तरी उशिराच्या काळात बहुतेकदा फारसीच. आणि ‘यवनप्रिय’ दिसलं तर दचकू नका, ते काळी मिरी आहे, रोमन-ग्रीक व्यापारी सोनं मोजून न्यायचे ती. ‘यवानी’ म्हणजे ओवा, त्याचा यवनांशी काही संबंध नाही, तो ‘यव’ म्हणजे जवावरून आलाय. नुसतं दिसायला सारखं म्हणून जोडलं की असं फसायला होतं.

आता अविंध. हा अस्सल आपला. फोड करायची तर अ + विंध. विंधणे म्हणजे भोक पाडणे, ग्रामपंचायतीच्या बोर्डावर ‘विंधन विहीर’ लिहितात ना तोच. ज्याचा कान टोचलेला नाही तो अविंध. आपल्याकडे पोराचं बारसं झालं की सोनार बोलावून कान टोचायची पद्धत, मुसलमान पुरुषांत ती नव्हती, तर बघणाऱ्याने जे डोळ्याला दिसलं त्यावरून नाव पाडलं. यात देश नाही, धर्मग्रंथ नाही, फक्त कानाची पाळी. बखरींमध्ये हा भरपूर सापडतो. मला तरी यवनपेक्षा हा शब्द जास्त इंटरेस्टिंग वाटतो कारण तो पुस्तकातून आलेला नाही, शेजाऱ्याकडे बघून आलाय.

चौथं, लिहिणारा कोण ते बघा. संस्कृत कवी किंवा बखरकार असेल तर यवन, म्लेच्छ असे भारी शब्द येणार, तो शैलीचा भाग असतो. पण रोजच्या पत्रव्यवहारात लोक मोघम बोलत नाहीत, तिथे मोगल, पठाण, सिद्दी असं वेगवेगळं लिहितात कारण कोणाशी तह आणि कोणाशी लढाई हे ठरवायचं असतं. एकनाथांच्या भारुडात हिंदू आणि तुर्क समोरासमोर वाद घालतात, तिथे तुर्क म्हणजे सरळ मुसलमान, त्याचा तुर्कस्तानशी संबंध उरलेला नाही.

शोधायचं कुठे? मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती 1857) ऑनलाइन फुकट आहे, तिथून सुरू करा, मग दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, आणि यादवकाळातलं असेल तर तुळपुळे-फेल्डहाउस. एकाच कोशावर थांबू नका, कोशात अर्थ सगळे एकाखाली एक देतात, तुमच्या ओळीत कुठला बसतो ते तुम्हालाच ठरवायचंय.

आणि कोणी जुना कागद टाइप करत असाल तर मूळ शब्द बदलू नका, अविंध असेल तर अविंधच ठेवा, खाली टीप द्या. पण तुमच्या स्वतःच्या वाक्यात आज हे शब्द वापरू नका, मुसलमान किंवा मुस्लिम लिहा, आता यवन म्हटलं की त्यात हिणवणं येतंच. काकांना मी हे सगळं पाठवलं, त्यांनी अंगठा दाखवला आणि विचारलं, मग तो ग्रीक माणूस कार्ल्यात करत काय होता? व्यापार, बहुतेक.