मिल घातली, आता मालक घडवा

डाळ मिल टाकायची म्हटलं की माहिती सांगणारे ढिगाने भेटतात. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची मिनी डाळ मिल बघून या, केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख अनुदान मिळतं, प्रकल्प अहवाल असा करा, तसा करा. मालक झाल्यावर स्वतःच्या डोक्याचं काय करायचं, हे मात्र मला कोणी सांगितलं नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात माझी लहानशी मिल आहे. हंगामात सात बाया आणि दोन गडी असतात. सहा हंगामांत ठेचा खात जे शिकलो, ते सांगतो.

आधी फजिती ऐका. फेब्रुवारीचे दिवस. तुरीला तेल-पाणी देऊन अंगणात वाळत घातली होती. दुपारी आभाळ भरून आलं. मोठी माय, म्हणजे आमच्यातली सगळ्यात जुनी बाई, विचारायला आली, "भाऊ, गोया करू काय?" म्हणजे तूर गोळा करू का. मी फोनवर होतो. एका व्यापाऱ्याकडे दोन महिन्यांचा चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, अडकला होता आणि त्याचा आवाज माझ्यापेक्षा चढा होता. मी नुसता हात हलवून 'राहू दे' म्हटलं. साडेचारला अवकाळी कोसळला, 14 क्विंटल तूर भिजली. ताडपत्री ओढता ओढता मी मोठ्या मायवरच ओरडलो. सगळ्यांसमोर, नको ते बोललो. ती गप्प राहिली. दुसऱ्या दिवशी तीन बाया आल्याच नाहीत. कोणाच्या तरी वावरात हरभरा सोंगायला गेल्या होत्या.

तेव्हा पहिलं काम हे करा, की आपला राग येतो कुठून ते लिहून काढा. मी हजेरीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहायला लागलो. तारीख, कोणावर खेकसलो, आणि त्याच्या तासभर आधी काय झालं होतं. महिन्याभरात 11 नोंदी झाल्या. त्यातल्या 8 बँकेच्या नाहीतर व्यापाऱ्याच्या फोननंतरच्या, 2 उपाशीपोटीच्या. कामातल्या चुकीची फक्त एक. वही बघून दोन दिवस जेवण गोड लागलं नाही, खरं सांगतो.

त्यावर केलं ते असं. पैशाचे फोन आता मी कंपाउंडबाहेर, बाभळीखाली जाऊन घेतो, आणि फोन झाला की बांधापर्यंत जाऊन येतो, मगच आत. बायको हसते. हसू दे. दुसरं, रोगाच्या मुळाशी हात घातला. सरकारच्या उद्यम पोर्टलवर नोंदणी केलेल्या लहान उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात, असा 2006 चा कायदा आहे. हे मला तिसऱ्या वर्षी कळलं. आता बिलावर तारीख आणि मुदत लिहिल्याशिवाय माल गाडीत चढत नाही. आपली झोप परत आली की बायांच्या कानांनाही सुट्टी मिळते.

आता माफी. जिथे ओरडलात तिथेच, ज्यांच्यासमोर ओरडलात त्यांच्यासमोरच मागा. मी आधी मोठ्या मायच्या घरी जाऊन, चहा पिऊन, हळूच मागितली होती. वरून "पण त्या दिवशी टेन्शन होतं" असंही जोडलं. तिने मान हलवली, बस. चार दिवसांनी अंगणात, सगळे सूप-चाळण्या घेऊन बसलेले असताना म्हटलं, "माय, तू विचारलं होतं. राहू दे मीच म्हटलं. चूक माझी." पुढचा 'पण' गिळला. ती म्हणाली, "जाऊ दे भाऊ. पण आता आभाय आलं त मी इचारत नाही, गोया करतो." तेव्हापासून वाळवणाचा निर्णय तिचा. दोनदा तिने ढग बघून उगाच तूर गोळा केली, एकेक दिवस वाया गेला. मी तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर तिसऱ्या वेळी ती पुन्हा मला विचारायला आली असती.

पैशाचं थोडक्यात. आमचा बाजार बुधवारचा, म्हणून मजुरी मंगळवारी, दिवस बुडायच्या आत, ज्या बाईने काम केलं तिच्याच हातात. चुकारा आला नाही हे कारण चालत नाही. दोन आठवड्यांची मजुरी वेगळ्या खात्यात ठेवा आणि तिला हात लावू नका, पोळ्यालाही नाही.

उचलीबाबत मात्र मी चांगुलपणाने माती खाल्ली. लग्न, दवाखाना, शाळेची फी, मागेल त्याला दिलं. एका बाईकडे 18,000 झाले. फिटतील असं तिला वाटेना, मला मागवेना. शेवटी ती माझ्या घरावरून जाणंच टाळू लागली. माझ्या मोठ्या मनाने तिचा रोजगार गेला. आता उचल दोन आठवड्यांच्या मजुरीपुरतीच, आणि आठवड्याला किती कापायचे ते पैसे देतानाच ठरतं. दवाखान्याचं प्रकरण असेल तर ही मर्यादा नाही. 'नाही' म्हणताना पहिल्यांदा जीभ जड होते. तरी म्हणा.

गाडगेबाबा आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले. गावात गेले की आधी खराटा हातात घेत, कीर्तन रात्री. मालकाने तेवढं नको, पण हंगामात एक अख्खा दिवस चाळणीवर बसावं. मी बसलो तर अकरा वाजताच तुरीच्या धुळीने नाक गच्च झालं. बाया दोन वर्षं पंखा मागत होत्या आणि मी विजेचं बिल दाखवत होतो. त्याच आठवड्यात धूळ बाहेर फेकणारा पंखा बसवला.

हरभऱ्याला गेलेल्या तिघींपैकी दोघी परत आल्या. तिसरी आता दुसऱ्या मिलवर आहे. मी अंगणात माफी मागितली तेव्हा ती नव्हतीच तिथे. बुधवारी बाजारात दिसते, भाजी घेते आणि पुढे निघून जाते. तिला गाठून बोलणं अजून माझ्याकडून झालेलं नाही.