एकट्याने ट्रेकला जाताय? फोन फ्लाइट मोडवर टाका
सह्याद्रीत रेंज गेली की फोन सारखा टॉवर शोधत बसतो आणि बॅटरी भराभर उतरते, म्हणून पायथ्यालाच फ्लाइट मोड लावायचा, जीपीएस तरीही चालतं कारण ते थेट सॅटेलाइटचा सिग्नल घेतं, फक्त मॅप घरूनच ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा. हरिश्चंद्रगडावर तोलार खिंडीच्या वर धुकं उतरलं की वाट खरंच दिसत नाही, तिथे हे फार कामाला येतं. आणि शिट्टी जवळ ठेवाच! मदतीचा इशारा म्हणजे मिनिटात 6 वेळा वाजवायची, मग मिनिटभर थांबून परत. फोन लावायचा तर फ्लाइट मोड काढून 112, आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लागू शकतो. निघताना पायथ्याच्या गावात कुणालातरी सांगून जा, कुठल्या वाटेने आणि कधी परत.