वंशावळीचा तक्ता मानवशास्त्राच्या पद्धतीने कसा काढावा

मानवशास्त्राची हाताला सवय व्हावी म्हणून सुरुवातीला एकच काम करायचं असेल, तर एखाद्या लहान वस्तीची वंशावळ नोंदवावी. वीस-पंचवीस घरं पुरतात. याच कागदावरून लग्नाचे नियम कळतात, रक्ताचं नातं किती जवळचं हे मोजता येतं आणि वस्तीचा इतिहासही अंदाजे लावता येतो.

या पद्धतीचा जन्मही अशाच सरमिसळीतून झाला. 1898 मध्ये केंब्रिजहून ए. सी. हॅडन यांच्या नेतृत्वाखाली एक मोहीम ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीच्या मधल्या टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवर गेली. तिच्यात डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हे डॉक्टर होते. लोकांची नजर, रंगांची ओळख अशा गोष्टी तपासणं हे त्यांचं काम. या क्षमता घराण्यात उतरतात का हे पाहायचं, म्हणून त्यांनी कोण कोणाचं कोण हे लिहून घ्यायला घेतलं. लग्नं, कुळं, दत्तक, मालमत्ता हे सगळं त्याच कागदांतून वर येऊ लागलं. 1910 मध्ये त्यांनी ही पद्धत सविस्तर मांडली आणि तिचा गाभा अजून बदललेला नाही.

तीन प्रश्न मात्र पहिल्यापासून वेगळे ठेवावे लागतात. कोणी कोणाला जन्म दिला? समाज कोणाला कोणाचं मूल मानतो? आणि कोण कोणाला काय म्हणतं? तिन्हींचं उत्तर बहुतेकदा एकाच माणसाकडे बोट दाखवतं. नेमकं म्हणूनच ते वेगळं निघालं तर लक्षात येत नाही, आणि तक्ता बिघडतो तो तिथेच. वहीत या तिन्हींना स्वतंत्र रकाने द्या. रकाना कोरा राहिला तर राहू द्या.

साहित्य आणि खुणा

ए-थ्री आकाराचे कोरे कागद, मऊ पेन्सिल, खोडरबर आणि जाड बांधणीची वही एवढं पुरे. पहिल्या बैठकांना संगणक नको. पडद्यावर एका वेळी तक्त्याचा तुकडाच दिसतो, आणि समोरच्या माणसाला बोट ठेवून “हा नव्हे, त्याचा धाकटा” असं सांगता येत नाही. संगणकावर चढवण्याचं काम रात्री करावं.

पुरुषासाठी त्रिकोण, स्त्रीसाठी वर्तुळ. लिंग कळलेलं नसेल किंवा या दोन्हींत बसत नसेल तर चौकट किंवा पतंगी चौकोन. लग्नासाठी दोघांच्या मध्ये बरोबरचं चिन्ह, लग्न मोडलं असेल तर त्यावर तिरकी रेघ. बरोबरच्या चिन्हापासून खाली उभी रेघ म्हणजे अपत्य. भावंडांच्या डोक्यावरून आडवी रेघ न्यायची आणि थोरलं भावंड डावीकडे ठेवायचं. माणूस मृत असेल तर त्याच्या खुणेवर तिरकी रेघ. दत्तक नात्याला तुटक रेघ. ज्याच्यापासून नाती मोजायची तो ‘मी’, त्याची खूण भरून काळी करायची.

वैद्यकातल्या वंशावळीत हीच चिन्हं वेगळी असतात. तिथे पुरुष चौकोनाने दाखवतात, भरलेली खूण म्हणजे रोग असलेली व्यक्ती, आणि जवळच्या नात्यातलं लग्न दुहेरी रेघेने दाखवतात. दोन्ही पद्धती एका कागदावर आल्या की वर्षभराने स्वतःलाही काही कळत नाही. कोणतीही एक घ्या आणि खुणांची यादी प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात लिहा.

तक्त्यावर नाव लिहू नका, क्रमांक लिहा. वहीत त्या क्रमांकापुढे नाव, टोपणनावं, आईचा क्रमांक, वडिलांचा क्रमांक, जन्माचा अंदाज, जन्मस्थळ, राहण्याचं ठिकाण, कुळ, कितवं लग्न, आणि ही माहिती कोणी कधी सांगितली हे सगळं येतं. शेवटचा रकाना लोक गाळतात आणि नंतर पस्तावतात. दोन माणसांनी दोन वेगळी उत्तरं दिली की कोणाचं कोणतं हे कळण्याची तेवढी एकच जागा असते.

एकच व्यक्ती दोन घरांच्या सांगण्यात दोन नावांनी येते आणि तिला दोन क्रमांक पडतात. हे होणारच. लक्षात आलं की लहान क्रमांक ठेवा, मोठ्यापुढे ‘पाहा अमुक’ असं लिहा, आणि तो क्रमांक दुसऱ्या कोणालाही देऊ नका.

विचारायचं कसं

रिव्हर्स यांचा नियम साधा होता: विचारताना नात्याचे मोजकेच शब्द वापरायचे. वडील, आई, मूल, नवरा, बायको. ‘भाऊ’ आणि ‘बहीण’ हे शब्दसुद्धा टाळायचे.

याचं कारण असं. अनेक समाजांत वडिलांच्या भावालाही वडील म्हणतात आणि त्याच्या मुलांना सख्ख्या भावंडांचाच शब्द लावतात. मामाची मुलं मात्र वेगळ्या शब्दाने ओळखली जातात. मानवशास्त्रात या रचनेला इरोक्वाय पद्धत म्हणतात. हवाईयन पद्धतीत तर एका पिढीतल्या सगळ्यांना भाऊ-बहीणच म्हणतात. अशा ठिकाणी “तुम्हाला भाऊ किती?” असं विचारलं, तर “चौदा” असं उत्तर मिळेल. सांगणारा खोटं बोललेला नसतो, पण तक्त्यावर एका बाईला चौदा मुलगे चिकटतात.

म्हणून आईपासून सुरू करा. “ज्या बाईच्या पोटी तुमचा जन्म झाला, तिचं नाव काय?” मग तिचा नवरा. मग “त्या दोघांची मुलं, थोरल्यापासून सांगा.” त्यानंतर “तिला आणखी कोणापासून मुलं झाली का?” आणि “त्याला आणखी कोणापासून?” हे दोन प्रश्न. यांनी सावत्र भावंडं सापडतात, आणि त्यांचं महत्त्व पुढच्या हिशेबात कळेल. मग प्रत्येक मुलाचं लग्न आणि त्याची मुलं. एक शाखा खालपर्यंत संपवा, मगच आजीकडे वर चढा. सांगणाऱ्याच्या ओघात मध्येच दुसऱ्या शाखेत शिरलं की निम्मी माणसं हवेत लोंबकळत राहतात.

एक बैठक तास-दीड तासाची. त्यापुढे उत्तरं आखूड होत जातात आणि मेलेली माणसं गळू लागतात.

नात्याचे शब्द दुसऱ्या भेटीत घ्या. तक्ता समोर पसरून एकेका खुणेवर बोट ठेवा. “तुम्ही यांना काय म्हणता? ते तुम्हाला काय म्हणतात?” दोन्ही बाजू हव्यात. हाक मारायचा शब्द आणि तिसऱ्याशी बोलताना वापरायचा शब्द वेगळा असू शकतो, तोही घ्या. हेच प्रश्न एका बाईला आणि एका पुरुषाला स्वतंत्रपणे विचारा, कारण काही भाषांत बोलणारी व्यक्ती बाई की पुरुष यावर शब्द बदलतो.

लिहून घेताना नात्याची साखळी पूर्ण लिहा: ‘आईच्या भावाची मुलगी’. इंग्रजी नोंदींत यासाठी अक्षरं असतात आणि त्यात बहिणीला ‘झेड’ मिळतं, कारण ‘एस’ मुलाने आधीच अडवलेलं असतं. मराठीत ‘मामेबहीण’ लिहिण्याचा मोह होईल. तो टाळा. आपले शब्द आपली वर्गवारी सोबत घेऊन येतात.

हमखास काय सुटतं

लहानपणी गेलेली मुलं, लग्न होऊन दूर गेलेल्या मुली, अविवाहित माणसं आणि निपुत्रिक जोडपी. वंशावळ खालून वर सांगितली जाते, त्यामुळे ज्यांच्याखाली आज कोणी नाही ते विस्मरणात जातात. उपाय एकच: प्रत्येक बाईची सगळी बाळंतपणं ओळीने विचारा, जगलं की नाही ते नंतर. दोन मुलांत चार वर्षांहून जास्त अंतर दिसलं तर मध्ये काही झालं होतं का, हे हळुवारपणे विचारा. कधी नवरा बाहेरगावी असतो, कधी एक मूल गेलेलं असतं. आणि हे बायकांनाच विचारा. पुरुषांनी सांगितलेल्या यादीत गेलेली बाळं क्वचितच येतात.

वयं नेमकी मिळाली नाहीत तर क्रम लावा. आफ्रिका खंडाच्या दक्षिणेकडच्या कालाहारी वाळवंटात, डोबे भागातल्या कुंग लोकांबरोबर काम करताना नॅन्सी हॉवेल यांनी 1960च्या दशकाच्या शेवटी हेच केलं: अमुक थोरला की तमुक, एवढंच विचारत माणसांची रांग लावली आणि मग वयांचा अंदाज बांधला. पूर, साथ, मोठा दुष्काळ अशी ज्यांचं वर्ष माहीत आहे ती घटना रांगेत खुंटी म्हणून ठोकता येते. “तेव्हा तू चालत होतास की कडेवर होतास?” या प्रश्नाने वर्ष-दोन वर्षांपर्यंत पोहोचता येतं.

नावांचा प्रश्न नाजूक. मृतांचं नाव उच्चारू नये असा संकेत ऑस्ट्रेलियातल्या अनेक आदिवासी समाजांत आहे, व्हेनेझुएला-ब्राझीलच्या सीमेवरच्या यानोमामींतही आहे. मानवशास्त्रज्ञ नेपोलियन शॅनन 1964 मध्ये यानोमामींकडे गेले आणि नावांसाठी आग्रह धरून बसले. लोकांनी एकमेकांना साथ देत त्यांना अश्लील, बनावट नावं सांगितली आणि शॅनन यांनी ती महिनोन् महिने इमानेइतबारे लिहून घेतली. दुसऱ्या एका वस्तीत त्यांनी मुखियाच्या बायकोचं ‘नाव’ घेतलं, तेव्हा लोक हसून लोटपोट झाले आणि बिंग फुटलं. पुढे त्यांनी वैर असलेल्या घराण्यांकडून एकमेकांच्या पूर्वजांची नावं काढली; माहिती मिळाली, पण या मार्गावर टीकाही बरीच झाली, आणि ती रास्त होती. नाव नको असेल तर ‘अमक्याची आई’ असं लिहा. तक्त्याला क्रमांक पुरतो.

पडताळणीसाठी भांडणं उकरायची गरज नाही. तीच शाखा दोन वेगळ्या घरांतल्या दोघांकडून स्वतंत्रपणे घ्या आणि जिथे फरक पडेल तिथे तिसऱ्याला विचारा.

वरच्या पिढ्यांवर किती विश्वास ठेवावा

हयात आजी-आजोबांनी स्वतः पाहिलेली माणसं, म्हणजे साधारण चार-पाच पिढ्या, तपशिलासह मिळतात. त्यावर मधल्या काही पिढ्या गाळलेल्या असतात आणि टोकाला एकदम मूळपुरुष असतो. त्या टोकाला इतिहास म्हणून नव्हे, आजच्या व्यवस्थेचं समर्थन म्हणून वाचावं.

उत्तर घानातल्या गोंजा राज्याचं उदाहरण यासाठी नेहमी दिलं जातं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिशांनी तिथली कथा लिहून घेतली: संस्थापक जक्पाला सात मुलगे, म्हणून राज्याचे सात विभाग. साठेक वर्षांनी पुन्हा नोंद झाली तोवर दोन विभाग नाहीसे झाले होते. आणि कथेत जक्पाला पाचच मुलगे उरले होते. कोणी ठरवून खोटं बोललं नव्हतं, तोंडी परंपरा वर्तमानाशी जुळवून घेत राहिली होती. तेव्हा ‘एक पिढी म्हणजे 25 ते 30 वर्षं’ हा हिशेब खालच्या पिढ्यांना लावा. मूळपुरुषापर्यंत गुणाकार करत जाऊन राज्य-स्थापनेचं साल काढू नका.

रक्ताचं नातं मोजताना

नवरा-बायकोचा समान पूर्वज तक्त्यावर सापडला, तर त्यांच्या अपत्याचा अंतःप्रजनन गुणांक, म्हणजे एखाद्या जनुकाच्या त्याच्याकडच्या दोन्ही प्रती त्याच एका पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता, हाताने काढता येतो. नवऱ्यापासून निघा, समान पूर्वजापर्यंत चढा, दुसऱ्या बाजूने बायकोपर्यंत उतरा. वाटेतली माणसं मोजा, दोघांना आणि पूर्वजाला धरून. सख्ख्या मामे-आते भावंडांचं लग्न असेल तर नवरा, त्याची आई, आजोबा, मामा, बायको अशी पाच माणसं होतात. एक-द्वितीयांशाचा पाचवा घात म्हणजे 1/32. आजीकडून तितकाच मार्ग, म्हणून आणखी 1/32. बेरीज 1/16. मामा-भाचीच्या लग्नात हाच हिशेब 1/8 येतो. पूर्वज स्वतः नात्यातल्या लग्नातून जन्मलेले नाहीत, हे यात गृहीत धरलेलं असतं.

आता सावत्र भावंडांकडे या. त्या मामाची आणि आईची आई वेगळी निघाली तर एक मार्ग तुटतो आणि 1/16 चं 1/32 होतं. दुसऱ्या बायकोची एक नोंद सुटली की उत्तर थेट दुप्पट चुकतं.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट दिसते. चुलत, मावस, मामे, आते या चारही नात्यांचा गुणांक एकच, 1/16. तरीही जगातले कितीतरी समाज मामे-आते भावंडांच्या लग्नाला पसंती देतात आणि चुलत-मावस भावंडांचं लग्न निषिद्ध मानतात, कारण त्यांच्या लेखी ती सख्खी भावंडं असतात. लग्नाचा निषेध जीवशास्त्रावरून ठरलेला नाही, हे तक्ता पाहून सांगता येतं.

मात्र हे गणित पहिल्याच रकान्यावर करायचं, जन्माच्या. दक्षिण सुदानमधल्या नुएर लोकांत, ई. ई. इव्हान्स-प्रिचर्ड यांनी 1930च्या दशकात नोंदवल्याप्रमाणे, निपुत्रिक मेलेल्या माणसाच्या नावाने त्याचा भाऊबंद लग्न करतो आणि होणारी मुलं त्या मृताची मानली जातात. कुळ, वारसा, गुरंढोरं यासाठी बाप तो मृत माणूसच; गुणसूत्रांसाठी नव्हे. रकाने एकत्र केले असतील तर दोन्ही उत्तरं चुकतात.

डीएनए तपासणी या कामाला सहसा जोडू नये. मायटोकॉन्ड्रियल डीएनए आईच्या आईच्या आईची, आणि वाय गुणसूत्र बापाच्या बापाच्या बापाची, अशी एकेकच रेघ दाखवतं. दहा पिढ्यांमागच्या 1024 जागांपैकी प्रत्येकी एका जागेबद्दल ते बोलतं. त्या बदल्यात एखाद्याचा बाप वेगळा असल्याचं उघड झालं, तर त्याची किंमत त्या घराला मोजावी लागते.

तक्ता दुसऱ्याला दाखवण्याआधी एक अडचण सोडवावी लागते. नावं काढली तरी माणसं झाकली जात नाहीत: तीन बायका, सात मुलगे आणि एक दत्तक मुलगी असलेला माणूस वस्तीत एकच असतो. प्रसिद्ध करायच्या प्रतीत मुद्द्यापुरती शाखाच ठेवा, आणि मुद्द्याला धक्का लागत नसेल तिथे मुलांची संख्या किंवा क्रम बदला. तसं केल्याचं तळटिपेत लिहा. क्रमांक आणि नावं जोडणारी वही तक्त्यासोबत ठेवू नये. आणि एखाद्याने आपलं नातं काढून टाकायला सांगितलं, तर ती नोंद मूळ वहीतूनही काढायची, नुसती छापील प्रतीतून नाही.