बोगनवेल वाळवंटी बागेत लावताय? या चुका टाळा

"काटक झाड आहे, त्याला काय लागतं?" हे वाक्य ऐकलं की मला वाळलेलं रोप दिसायला लागतं. बोगनवेल काटक होते ती मुळं खोल गेल्यावर. पिशवीतून नुकतं काढलेलं रोप काटक नसतं. पहिलं वर्ष त्याला पाणी लागतंच, आणि बहुतेक जण ते देण्याच्या पद्धतीतच चुकतात.

मीही चुकलो. ठिबक लावून रोज दहा मिनिटं पाणी सोडायचो. पहिल्याच उन्हाळ्यात रोप तीन आठवड्यांत वाळलं. माती वरून ओली दिसायची, त्यामुळे शंकाही आली नाही. उपटलं तर अलगद हातात आलं. सगळी मुळं वरच्या चार बोटांत पसरलेली, टोकं तपकिरी, कुरकुरीत. त्याखाली कुदळ मारली तर धूळ उडाली. रोजच्या शिंतोड्याने मुळं वरच राहतात आणि तापलेल्या मातीत भाजतात.

आता पहिले काही आठवडे मुळांच्या गोळ्याजवळ पाणी देतो, मग आळं हळूहळू बाहेर सरकवतो. पाणी सावकाश सोडायचं आणि लोखंडी सळई खुपसून बघायचं. ओल्या मातीत ती सहज उतरते, कोरड लागली की अडते. दीड-दोन फूट गेली की नळ बंद. वरची दोन-तीन इंच माती सुकेपर्यंत पुन्हा पाणी नाही. वर्षभरानंतर पाळ्या लांबवत जायच्या.

दुसरी चूक लावतानाच होते. रोप बुंध्याला धरून पिशवीतून ओढलं की गोळा फुटतो, आणि बोगनवेलीची मुळं फार नाजूक असतात. मी आदल्या संध्याकाळी रोपाला पाणी देतो, पिशवीचं बूड कापतो, रोप खड्ड्यात ठेवतो आणि मग बाजू चिरून पिशवी काढून घेतो. एवढा धीर नसेल तर त्या दिवशी लावूच नये.

त्याआधी रिकामा खड्डा पाण्याने भरून बघा. सकाळपर्यंत पाणी तसंच असेल तर खाली चुनखडीचा कडक थर असू शकतो. तो पहारीने फोडा, नाहीतर जागा बदला. पाणी साचून राहतं तिथे मुळं कुजतात.

फुलं येत नाहीत? पाच-सहा तास थेट ऊन हवं. युरिया बंद करा, त्याने नुसता पाला माजतो. कात्रीही आवरा. आपण ज्यांना फुलं म्हणतो ती खरं तर रंगीत पानं, खरं फूल म्हणजे मधली ती पांढरी नळी. हा सगळा बहर नव्या फुटीवर येतो आणि दर आठवड्याला छाटणारे तीच फूट उडवतात.

कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर पाणी वाढवू नका. चुनखडीच्या जमिनीत लोह मिळत नाही, चिलेटेड आयर्न (झाडाला शोषता येईल अशा रूपातलं लोह) द्या.

थंडीत शेंडे काळे पडले तर लगेच कापू नका. गारठा पूर्ण सरल्यावर नखाने साल खरवडून बघा. आत हिरवं दिसेल तिथपर्यंत फांदी ठेवा.