संगीताच्या पदवीसाठी कॉलेज शोधताय? या चुका टाळा

अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये संगीताची पदवी घ्यायची ठरली की बहुतेक मुलं आधी 'पहिली दहा संगीत महाविद्यालयं' अशी यादी शोधतात. गडबड इथूनच सुरू होते. बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयाची ओळख जॅझ आणि आजच्या लोकप्रिय संगीताची. कर्टिस ही अभिजात पाश्चात्त्य संगीताची अगदी छोटी संस्था, आणि १९२८ पासून तिथे प्रवेश मिळालेल्या कुणाकडूनच शिकवण्याची फी घेतली जात नाही. या दोघींना एका यादीत वरखाली बसवून तुमच्या हाती काय लागणार? वाद्य किंवा गाणं शिकणाऱ्यासाठी खरा प्रश्न एकच असतो: पुढची तीन-चार वर्षं दर आठवड्याला मी कोणासमोर बसून शिकणार? म्हणून कॉलेजच्या संकेतस्थळावर आधी तुमच्या वाद्याच्या शिक्षकांची नावं पाहा, त्यांचं वादन ऐका, त्यांचे विद्यार्थी पुढे काय करतात ते शोधा.

दुसरी चूक पदवीच्या नावातली. अमेरिकेत बॅचलर ऑफ म्युझिकमध्ये साधारण दोन तृतीयांश अभ्यास संगीताचाच असतो. बॅचलर ऑफ आर्ट्समध्ये संगीताचा वाटा त्याच्या निम्म्याच्या आसपास, बाकी इतर विषय. दोन्हींतलं काहीच सोडवत नसेल तर ओबर्लिनसारख्या ठिकाणी पाच वर्षांत दोन पदव्या घेता येतात, मात्र तिथे संगीत विभाग आणि कॉलेज दोन्हींकडून स्वतंत्र प्रवेश मिळावा लागतो. शाळेत संगीतशिक्षक व्हायचं असेल तर त्या राज्याचा परवाना मिळवून देणारा अभ्यासक्रम आहे का, हे अर्जाआधीच विचारा. अमेरिकेतल्या संगीतसंस्थांना मान्यता देणारी नॅझम ही संघटना १९२४ पासून काम करते. तिची यादी चाचपून बघावी, पण मान्यता नाही म्हणजे कॉलेज वाईट, असं मात्र समजू नका.

तारखांच्या बाबतीत फार मुलं फसतात आणि दरवेळी जीव हळहळतो. इतर विषयांचे अर्ज जानेवारीत, म्हणून संगीताचेही तेव्हाच, असं गृहीत धरलं जातं. ज्युलिअर्डसह अमेरिकेतल्या बऱ्याच संस्थांची मुदत १ डिसेंबरला संपते. ब्रिटनमध्ये कॉन्झर्व्हेटॉइरसाठी, म्हणजे संगीतासारख्या कला शिकवणाऱ्या खास संस्थांसाठी, 'यूकॅस कॉन्झर्व्हेटॉइर्स' ही अर्जाची वेगळी व्यवस्था आहे. तिथे सहापर्यंत पर्याय निवडता येतात आणि संगीताची मुदत ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच येते. त्या मुदतीआधी रेकॉर्डिंग तयार हवं, म्हणजे पीस, अर्थात वाजवायच्या रचना, उन्हाळ्यातच बसलेले हवेत.

रेकॉर्डिंगवर जरा थांबू, कारण चांगली तयारी इथेच वाया जाते. अमेरिकेत अनेक ठिकाणी आधी 'प्रीस्क्रीन' व्हिडिओ मागतात आणि तो आवडला तरच प्रत्यक्ष ऑडिशनला बोलावतात. माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीने चेलोचा व्हिडिओ मोबाइलवर केला होता. वाजवलं सुंदर होतं, पण ऐकताना सगळ्यात हळू ओळ आणि सगळ्यात मोठी ओळ सारख्याच आवाजात येत होती. मोबाइल आवाजाची पातळी आपोआप सारखी करत होता, त्यामुळे तिने जीव तोडून केलेला चढ-उतार पार सपाट झाला. ही सोय बंद करता आली तर करा, नाहीतर साधा बाहेरचा मायक्रोफोन घ्या आणि वाद्यापासून चार-सहा फुटांवर ठेवा. हात, बो आणि चेहरा चौकटीत दिसू द्या. एकाच पीसमध्ये मधे कापून जोडाजोड करू नका, ते चालत नाही. एक पीस पुसट आला म्हणून सगळं पहिल्यापासून वाजवत बसू नका. वेगवेगळे पीस वेगवेगळ्या दिवशी रेकॉर्ड केलेले चालतात का, हे नियमांत पाहा.

आता प्रत्येक कॉलेजला वेगळे पीस लागतील या धास्तीने काही मुलं दहा-बारा पीस एकदम हाती घेतात आणि एकही धड बसत नाही. बऱ्याच संस्थांनी मिळून 'कॉमन प्रीस्क्रीन' नावाचे सामाईक नियम ठरवले आहेत. तुमच्या यादीतली कॉलेजं त्यात आहेत का आणि कुठला पर्याय मान्य करतात ते तपासा, काम अर्ध्यावर येऊ शकतं. नियम मात्र कॉलेजच्या त्या वर्षीच्या पानावरूनच घ्या. मित्राने पाठवलेल्या गेल्या वर्षीच्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका.

आणि शिक्षकांना लिहायला लाजू नका. अनेक शिक्षक अर्जाआधी एखादा ट्रायल लेसन देतात, समोर किंवा ऑनलाइन. ईमेल चार-पाच ओळींचा ठेवा: वाद्य, सध्या काय वाजवता, एका रेकॉर्डिंगची लिंक आणि धडा मिळेल का, एवढंच. फी असेल का तेही त्यातच विचारा. 'तुमच्या थोर संस्थेत' अशी स्तुती नको. दोन आठवडे उत्तर नाही आलं तर एकदाच आठवण करा, तरीही शांतता असेल तर प्रवेश विभागाला लिहून धड्याची सोय विचारा.

धडा झाला की लगेच वही उघडा आणि शिक्षकांनी सांगितलेल्या तीन गोष्टी लिहून ठेवा. तीन दिवसांनी तोच भाग पुन्हा वाजवा. हाताला काही फरक जाणवला, तर ते नाव यादीत वर सरकवा.