मास्टर दीनानाथांचे टपाल तिकीट: पाकिटावरून अल्बमपर्यंत

मास्टर दीनानाथ मंगेशकर यांच्या स्मरणार्थ भारतीय टपाल खात्याने १९९३ साली तिकीट काढले. स्मारक तिकिटांचा साठा संपला की ती सहसा पुन्हा छापली जात नाहीत, त्यामुळे हे तिकीट आता जुन्या पत्रव्यवहारात किंवा तिकीट-विक्रेत्यांकडेच शोधावे लागते.

जुन्या पाकिटावर ते सापडल्यास कात्री हाती घेण्यापूर्वी शिक्का वाचावा. गाव आणि तारीख स्पष्ट उमटली असेल, तर माझ्या मते पाकीट अखंडच ठेवावे. ते पत्र केव्हा, कुठून निघाले याचा तोच एक पुरावा असतो. शिक्का पुसट असेल तर तिकिटाभोवती बोटभर कागद सोडून तुकडा कापावा आणि स्वच्छ, साध्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटे ठेवावा. रंगीत पाकिटाचा तुकडा वेगळ्या भांड्यात भिजवावा, कारण त्याचा रंग उतरून तिकिटाला लागतो. डिंक सुटला की तिकीट आपण होऊन कागदावरून घसरते. तोवर ते ओढू नये, कारण ओल्या तिकिटाचे कडेचे दात सर्वांत आधी तुटतात. मागचा चिकटपणा बोटाने हलकेच धुऊन तिकीट टीपकागदावर पालथे वाळवावे आणि मग रात्रभर जाड पुस्तकात दाबून ठेवावे.

कोऱ्या तिकिटाला मात्र पाण्याचा थेंबही लागू देऊ नये. ते चपट्या टोकांच्या चिमट्यानेच उचलावे आणि हिंज (तिकीट पानाला चिकटवण्याची डिंकाची छोटी कागदी पट्टी) न लावता पारदर्शक माउंटमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या खिशात, ठेवावे. कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात दमट हवेने डिंक ओलावून तिकीट पानाला चिकटते, म्हणून अल्बम उभा ठेवावा आणि कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात.

अल्बमच्या पानावरील मजकूर मला तिकिटाइतकाच मोलाचा वाटतो. गोव्यातील मंगेशी येथे १९०० साली जन्म, १९१८ मध्ये बळवंत संगीत मंडळी या नाटक कंपनीची स्थापना आणि १९४२ मध्ये पुण्यात निधन, एवढे तरी लिहावे. येथे एक काळजी घ्यावी: ‘मानापमान’ या संगीत नाटकातली दीनानाथांची धैर्यधराची भूमिका गाजली म्हणून त्यातल्या गाण्यांच्या चालीही त्यांच्याच नावावर घालू नयेत. त्या गोविंदराव टेंबे यांच्या आहेत, आणि ‘रणदुंदुभी’ या नाटकाचे संगीत गायक रामकृष्णबुवा वझे यांचे. गायकनट आणि संगीतकार यांची नावे वेगवेगळ्या ओळींत लिहावीत, आणि हे सारे लेखन तिकीट पानावर बसवण्याआधी पूर्ण करून शाई नीट वाळू द्यावी.