‘डार्क साइड’चं पहिलं ब्रिटिश प्रेसिंग कसं निवडावं

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ दुर्मीळ अल्बम नाही. तो मार्च १९७३ मध्ये आला आणि तेव्हापासून जगभर त्याच्या चार कोटींहून जास्त प्रती खपल्या. विनाइलवर तो कधीही, कुठेही मिळतो. मिळत नाही ती न झिजलेली जुनी प्रत. म्हणून घाई करायची नाही. विक्रेता ‘दुसरं गिऱ्हाईक थांबलंय’ म्हणाला तर त्या गिऱ्हाइकाला घेऊ द्या, पुढच्या महिन्यात आणखी एक प्रत समोर येईल.

हा लेख ब्रिटनमधल्या पहिल्या प्रेसिंगबद्दल, म्हणजे तिथे सर्वांत आधी छापलेल्या प्रतींबद्दल आहे. ईएमआय कंपनीचं हार्वेस्ट लेबल, कॅटलॉग क्रमांक एसएचव्हीएल ८०४. इंटरनेटवरचा बहुतेक सल्ला ‘निळा त्रिकोण बघा’ इथे सुरू होतो आणि तिथेच संपतो. त्या अर्ध्या सल्ल्यावर विसंबून लोक महिन्याचा पगार घालवतात, आणि घरी येते ती चार-पाच ग्रॅम दाबाच्या सुईने खरवडलेली रेकॉर्ड.

लेबल

सर्वांत आधीच्या प्रतींच्या मधोमध चिकटवलेल्या काळ्या कागदी लेबलवर पूर्ण भरलेला फिका निळा त्रिकोण असतो. नंतरच्या प्रतींवर त्याच त्रिकोणाची फक्त बाह्यरेषा उरली. लेबलच्या कडेने फिरणाऱ्या मजकुरात ‘द ग्रामोफोन कंपनी लिमिटेड’ हवं. तिथे ‘ईएमआय रेकॉर्ड्स’ असेल तर प्रत १९७३च्या मध्यानंतरची. ‘द ग्रेट गिग इन द स्काय’च्या श्रेयात बँडच्या रिचर्ड राइटबरोबर गायिका क्लेअर टोरीचंही नाव छापलेलं असेल, तर ती रेकॉर्ड या शतकातली आहे. टोरीला ते श्रेय २००५च्या तडजोडीनंतर मिळालं. आधी मिळायला हवं होतं, कारण ते गाणं तिच्या आवाजावरच उभं आहे.

लेबलचं काम इथे संपलं.

डेड वॅक्स

शेवटच्या गाण्यानंतर लेबलपर्यंत जो गुळगुळीत पट्टा उरतो, त्यावर कोरलेल्या खुणा वाचायच्या. टॉर्च तिरपा धरा आणि रेकॉर्ड सावकाश फिरवा. एसएचव्हीएल ८०४ पुढे एका बाजूला ए-२ आणि दुसऱ्या बाजूला बी-२ असेल, तर ती बाजारात आलेल्या पहिल्या कटिंगची, म्हणजे पहिल्या कोरणीची प्रत. ए-१ शोधत बसू नका. ए-३, बी-३ असलेल्या प्रतीही लवकरच्याच आहेत आणि भरीव त्रिकोणाच्या लेबलसह सापडतात. हे क्रमांक ठशाने उमटवलेले, सरळ आणि एकसारखे असतात. हाताने खरडलेले दिसले तर प्रत परत ठेवा.

हा ए-२, बी-२ वगैरेचा क्रमांक (मॅट्रिक्स क्रमांक) तुमच्याकडे, म्हणजे घड्याळातल्या सहाच्या जागी ठेवा. आता नऊच्या जागी एक आकडा दिसेल, तो ‘मदर’ नावाच्या धातूच्या साच्याचा. तीनच्या जागी एक-दोन अक्षरं दिसतील, ती रेकॉर्ड दाबणाऱ्या साच्याची, म्हणजे स्टॅम्परची. ईएमआयने या अक्षरांसाठी ‘ग्रामोफोन लिमिटेड’ या आपल्या जुन्या नावातली दहा अक्षरं घेतली होती: जी म्हणजे १, आर २, ए ३, एम ४, ओ ५, पी ६, एच ७, एल ८, टी ९ आणि डी म्हणजे शून्य. जीडी दिसलं तर दहावा स्टॅम्पर, आरओ दिसलं तर पंचविसावा.

विक्रेते इथेच भाव चढवतात. ‘मदर १, स्टॅम्पर जी’ म्हटलं की किंमत दुप्पट. माझं मत स्पष्ट आहे: त्या अक्षरासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. ज्या तबकडीवर आवाज प्रथम कोरला जातो त्या लॅकरवरून धातूचा उलटा साचा बनतो, त्यावरून मदर, मदरवरून स्टॅम्पर आणि स्टॅम्परने रेकॉर्ड दाबली जाते. म्हणजे ए-२ च्या सगळ्या प्रती एकाच कटिंगची लेकरं. स्टॅम्पर दमत आला की थोडा तपशील हरवतो हे खरं, पण पन्नास वर्षांत सुईने केलेल्या झिजेपुढे तो फरक काहीच नाही.

झीज ओळखणं

मला सर्वांत जास्त काळ अडवलं ते या टप्प्याने. चरे दिसतात, धूळ दिसते, झीज मात्र डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. चकाकती, काळीभोर, एक ओरखडा नसलेली रेकॉर्ड आतून संपलेली असू शकते.

कारण समजून घ्या, म्हणजे कुठे ऐकायचं ते आपोआप कळेल. रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर ग्रूव्ह (आवाज कोरलेली खाच) सरकते, लेबलजवळ जेमतेम २१. तितकाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो. बोथट किंवा जड सुई तिथली बारीक वळणं पार करू शकत नाही, ती त्यांना घासून टाकते. म्हणून रेकॉर्ड मरते ती आतून बाहेर. या अल्बमचं दुर्दैव असं की पहिल्या बाजूच्या अगदी शेवटी, सर्वांत अवघड जागी, टोरीचा पूर्ण ताकदीचा आवाज आहे. दुसरी बाजू पहिलीपेक्षा लांब, आणि तिचाही शेवट ‘एक्लिप्स’च्या कल्लोळाने होतो.

तेव्हा दुकानात गेलात की पहिलं गाणं लावून मान डोलवू नका. सुई थेट पहिल्या बाजूच्या शेवटच्या गाण्यावर ठेवायला सांगा. टोरी वरच्या पट्टीत गेली की आवाज सलग राहतो का? की फाटतो, कडांना भुसभुशीत होतो? फाटत असेल तर रेकॉर्ड परत करा. ‘धुतली की जाईल’ हे उत्तर ऐकून घेऊ नका. धुतल्याने जाते ती चटचट आणि चुरचुर. घासला गेलेला प्लास्टिकचा भाग कोणत्याही द्रावणाने परत येत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. फाटका आवाज कधीकधी प्लेअरचाही असतो. सुई झिजलेली असेल किंवा काट्रिज (सुई धरणारा भाग) प्रोट्रॅक्टरवर, म्हणजे कोन मोजायच्या पट्टीवर, नीट बसवलेलं नसेल, तरी शेवटच्या ग्रूव्ह अशाच बोलतात. म्हणून घरची एक रेकॉर्ड सोबत न्या, जिचा शेवट स्वच्छ आहे याची तुम्हाला खात्री आहे. ती त्या प्लेअरवर स्वच्छ वाजली आणि ही फाटली, तर निकाल लागला.

ऑनलाइन घेत असाल तर विक्रेत्याकडे दोन तुकड्यांचं रेकॉर्डिंग मागा: पहिल्या बाजूची शेवटची दोन मिनिटं आणि ‘स्पीक टू मी’ची सुरुवात. तिथे हृदयाचे ठोके शांततेतून हळूहळू वर येतात, त्यामुळे पृष्ठभागाचा सगळा आवाज उघडा पडतो. ‘अस अँड देम’च्या सुरुवातीची ऑर्गनची शांत जागाही तशीच परीक्षा घेते. रेकॉर्डिंग द्यायला तयार नसलेल्या माणसाकडून महाग प्रत घेऊ नका. ‘नियर मिंट’ (जवळजवळ नवी) हा शेरा त्याने फक्त बघून दिलाय की ऐकून, हे थेट विचारा.

बघून कळणाऱ्याही काही खुणा आहेत. लेबलच्या भोकाभोवती बारीक रेघांचं जाळं असेल, तर रेकॉर्ड निष्काळजी हातांनी अनेकदा चढवली गेली. तिरप्या उजेडात आतल्या ग्रूव्ह बाहेरच्यांपेक्षा राखाडी दिसत असतील, तर तिथे झीज आहे. पृष्ठभागावर धुकट पांढरट डाग दिसले आणि रेकॉर्ड पीव्हीसीच्या पिशवीत असली, तर त्या प्लास्टिकची बाधा झालीय. ती सहसा जात नाही.

कव्हर आणि आतलं सामान

हिप्नोसिस या डिझाइन स्टुडिओचं डिझाइन, जॉर्ज हार्डीचं रेखाटन, घडीचं कव्हर, दोन पोस्टर आणि पिरॅमिडचे स्टिकर. पोस्टरवर टाचणीची भोकं असणं स्वाभाविक आहे, पोस्टर भिंतीसाठीच दिलं होतं. जुन्या कव्हरात नंतरची रेकॉर्ड घालून ‘संपूर्ण संच’ म्हणून विकणं सर्रास चालतं. म्हणून कव्हरच्या फोटोवर विसंबू नका, डेड वॅक्सचा फोटो मागवा.

भारतीय प्रत

ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने दमदमच्या कारखान्यात हा अल्बम छापला होता आणि मुंबईच्या जुन्या बाजारांत तो अधूनमधून दिसतो. आठवण म्हणून जरूर घ्या, ऐकण्यासाठी घेत असाल तर कसून तपासा. आपल्याकडच्या बऱ्याच रेकॉर्डी रेडिओग्रामच्या (रेडिओ आणि प्लेअर एकत्र असलेल्या यंत्राच्या) जड काट्रिजखाली वाजल्यात, आणि कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात बुरशीने कव्हरं खाल्लीत.

ऐकणं हाच हेतू असेल तर

पहिल्या प्रेसिंगच्या मागे लागूच नका. सत्तरच्या दशकातली, फक्त बाह्यरेषेच्या त्रिकोणाची स्वच्छ ब्रिटिश प्रत झिजलेल्या ए-२ पेक्षा कितीतरी चांगली वाजते. नवी हवी असेल तर २००३ची तिसाव्या वर्षाची आवृत्ती घ्या. ती डग सॅक्स आणि केव्हिन ग्रे यांनी मास्टर केलीय आणि मला मनापासून आवडते. क्यू४एसएचव्हीएल ८०४ ही क्वाड्रोफोनिक (चार स्पीकरसाठीची) आवृत्ती वेगळ्या मिक्सची आहे, ती पहिलं प्रेसिंग समजून घेऊ नका.

पैसे दिल्यानंतर

परदेशातून मागवताना कस्टमचा खर्च आधीच हिशेबात धरा. रेकॉर्ड कव्हरबाहेर काढून, वेगळ्या पाकिटात घालून कव्हरच्या मागे ठेवायला विक्रेत्याला लेखी सांगा. आत राहिली तर प्रवासात तिची कड कव्हरची शिवण फाडते.

आली की डिस्टिल्ड वॉटर आणि रेकॉर्डसाठीच्या द्रावणाने धुवा. फेव्हिकॉल ओतून सोलायचे व्हिडिओ बघू नका. धुतल्यावर नव्या पॉलिथिन-अस्तराच्या पाकिटात घाला, उभी ठेवा आणि काट्रिजचा दाब त्याच्या कंपनीने सांगितलेल्या ग्रॅमवर काट्याने मोजूनच पहिल्यांदा सुई टेकवा.